रिटायर्ड प्राध्यापकांची संघटना: ६ वर्षं मेंबर आहे, मनापासून लिहितेय

५ पैकी ४ स्टार. दर वर्षी आमच्या युनिव्हर्सिटीतून रिटायर होणारी दोन-चार मंडळी मला फोन करून विचारतात, मॅडम, त्या रिटायर्ड शिक्षकांच्या संघटनेचं मेंबर व्हायचं का, का नुसताच गप्पांचा अड्डा आहे तो? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी वनस्पतिशास्त्राची, ३१ वर्षं शिकवलं, रिटायर होऊन ६ वर्षं झाली, त्यातली ५ वर्षं साधी मेंबर आणि गेलं एक वर्ष कार्यकारिणीवर, म्हणजे खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बघून झालंय. संघटनेचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण अशा संघटना जिथे जिथे आहेत तिथे थोड्याफार फरकानं हेच प्रश्न असतात आणि हे वाचून तुम्ही तुमच्याकडची संघटना तपासून घ्यावी एवढीच माझी इच्छा आहे.

मेंबर होताना मी काय बघितलं होतं? सहलींचे फोटो आणि व्याख्यानांची यादी. बघायला काय हवं होतं? घटना, म्हणजे त्यांची नियमावली, आणि मागच्या दोन वर्षांचे मिनिट्स, म्हणजे सभांच्या लेखी नोंदी. आता मला कुणी विचारलं तर मी सांगते की तिथे जाऊन एकच प्रश्न विचारा, जो मेंबर आता घराबाहेर पडू शकत नाही त्याच्यासाठी तुम्ही काय करता? उत्तर चटकन आलं, नावानिशी आलं, तर बिनधास्त फॉर्म भरा.

रिटायरमेंटनंतर काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं. निरोप समारंभ होतो, सगळे भरभरून बोलतात, आणि महिनाभरात आयटी विभागाचं पत्र येतं की आपलं ईमेल खातं अमुक तारखेला बंद होईल. माझा विषय नेचे, म्हणजे फर्न, त्यामुळे कुठे कुणाला अनोळखी नेचं दिसलं की लोक पानाच्या मागच्या बाजूच्या बीजाणूंचे क्लोजअप काढून मला पाठवायचे, जर्नलवाले पेपर तपासायला पाठवायचे, जुने विद्यार्थी शिफारसपत्रं मागायचे, सगळं त्या एका पत्त्यावर. आणि बाकीच्या कितीतरी खात्यांचे पासवर्ड रीसेट करायचे झाले तर ती लिंकसुद्धा तिथेच येणार हे माझ्या लक्षात आलं ते खातं बंद व्हायच्या आठवड्यात. घाबरून संघटनेच्या सेक्रेटरी सरांना फोन लावला, तेव्हा मी मेंबरसुद्धा नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एका पानाचा फॉर्म आहे, भरून द्या. ईमेल आणि लायब्ररीचं लॉगिन आपल्या लोकांना आयुष्यभर चालू ठेवायचं हे ठरलेलं आहे, फक्त ते आपणहून कुणी सांगत नाही." चार दिवसांत काम झालं. त्याच आठवड्यात मी मेंबर झाले.

पुढे कार्यकारिणीवर आल्यावर मी जुन्या फायली काढून बघितल्या की हे "ठरलेलं" नेमकं ठरलं कसं, तर त्यामागे ३ वर्षांचा पत्रव्यवहार निघाला. लायब्ररीचं म्हणणं होतं की डिजिटल जर्नल्सच्या करारात वापरणारे कोण कोण हे लिहिलेलं असतं आणि त्यात रिटायर्ड लोक येत नाहीत. संघटनेनं वाद घातला नाही, करार दाखवा म्हणाले. वाचल्यावर कळलं की काही प्रकाशकांच्या करारात रिटायर्ड शिक्षक आधीच धरलेले आहेत, काहींच्यात नाहीत, आणि जवळजवळ सगळ्यांच्या करारात लायब्ररीत प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या कुणालाही वाचायची मुभा आहे. मग पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात एक ओळ वाढवून घेतली. कुणी टेबलावर हात आपटला नाही, कुणी पेपरात बातमी दिली नाही, एका निवृत्त कायद्याच्या सरांनी आणि एका निवृत्त ग्रंथपाल मॅडमनी बसून करार वाचले, बस. मला या संघटनेचं कौतुक वाटतं ते अशा कामांसाठी.

आता एमेरिटस या शब्दाबद्दल थोडं, कारण त्यावरून फार गैरसमज असतो. बऱ्याच जणांना वाटतं एमेरिटस आणि रिटायर्ड एकच. तसं नाही, एमेरिटस हा मान बहुतेक ठिकाणी युनिव्हर्सिटी निवडून देते, सगळ्यांना मिळत नाही. मूळ लॅटिन शब्द, रोमन सैन्यात ज्याची नोकरीची वर्षं मानानं पुरी झाली त्या सैनिकाला एमेरिटस म्हणायचे, आणि अशाच निवृत्त सैनिकांना वसवण्यासाठी इसवी सनपूर्व २५ मध्ये एमेरिटा ऑगस्टा नावाचं शहर उभं केलं, तेच आजचं स्पेनमधलं मेरिडा. मला ही गोष्ट आवडते कारण त्या सैनिकांना नुसता किताब देऊन घरी पाठवलं नव्हतं, राहायला शहर दिलं होतं. आमची संघटना एमेरिटस आणि साधे रिटायर्ड असा भेद करत नाही, सगळ्यांना एकच मत, आणि मेंबर वारला तर जोडीदाराची मेंबरशिप आपोआप चालू राहते. काही ठिकाणी एमेरिटसांची वेगळी मंडळं असतात, त्यात बसू न शकणाऱ्यांसाठी वेगळी संघटना, किंवा काहीच नाही. तुमच्याकडे कसं आहे ते आधी विचारून घ्या.

कारभाराकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. कार्यकारिणी ९ जणांची. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, मावळते अध्यक्ष आणि ४ सदस्य. मुदत २ वर्षांची, एका पदावर लागोपाठ दोनदाच, आणि दर वर्षी निम्मी माणसं बदलतात त्यामुळे सगळेच्या सगळे नवे कधीच नसतात. मावळत्या अध्यक्षांना मत नाही पण बसायचा हक्क आहे, म्हणजे जुनं कोणी काय कबूल केलं होतं ते सांगायला एक माणूस हजर असतो. हे नियम आधी नव्हते. आधी एकच सर ९ वर्षं अध्यक्ष होते, माणूस अतिशय कष्टाळू आणि प्रामाणिक, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, पण ते आजारी पडले तेव्हा बँकेच्या खात्यावर सही कुणाची, वेबसाइटचा पासवर्ड कुणाकडे, मेंबरांची यादी कुठल्या कॉम्प्युटरवर, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. ५ महिने संघटना नुसती थांबून होती. त्यानंतर मुदतीची मर्यादा आली, दोन सह्यांचा नियम आला आणि सगळे पासवर्ड एका सीलबंद पाकिटात सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे ठेवायची पद्धत आली. चांगला माणूस आहे म्हणून नियम नकोत असं म्हणणारे आमच्याकडेही होते, पण त्या ५ महिन्यांत ज्यांच्या मेडिकलच्या फायली अडकल्या त्यांनी परत कधी तसं म्हटलं नाही.

हिशेबाबद्दल पूर्ण मार्क. वार्षिक सभेच्या २१ दिवस आधी जमाखर्च सगळ्यांना पोचतो, ज्यांना ईमेल जमत नाही त्यांना छापील, मोठ्या टायपात. स्मृतिनिधी वेगळ्या खात्यात, सहलीचे पैसे वेगळ्या खात्यात, एकमेकांत मिसळत नाहीत. सभेत कॉमर्सचे एक निवृत्त सर दर वर्षी उठून प्रत्येक रकमेबद्दल विचारतात, आणि आमच्या खजिनदार मॅडम प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पावतीसकट देतात. काही जणांना कंटाळा येतो, मला नाही येत, मला वाटतं असा विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक संघटनेत असावा.

कोरमची, म्हणजे सभेला किमान किती जण हजर हवेत त्या आकड्याची, गोष्ट मात्र जरा नीट सांगायला हवी. आमचे मेंबर ४०० च्या आसपास, कोरम ४० चा. दोन वर्षांपूर्वी एक साधी घटनादुरुस्ती ठेवली होती, ऑनलाइन आणि पोस्टानं मत देता यावं म्हणून. कशासाठी? तर जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. सभा सुरू झाली आणि मोजले तर ३७ जण. सेक्रेटरी सर बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बघून आले, जिन्यावर दम खात बसलेले एक सर होते त्यांना हात धरून आणलं, ३८ झाले. अर्धा तास थांबले. नियम असा की अर्ध्या तासानं जे हजर असतील तोच कोरम धरायचा, रोजचं कामकाज चालवायचं, पण घटनादुरुस्ती करता येणार नाही. म्हणजे जे येऊ शकत नाहीत त्यांना मत मिळावं हा ठराव ते येऊ शकले नाहीत म्हणून बारगळला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, माझ्या शेजारी ८४ वर्षांच्या एक मॅडम, दोन बसेस बदलून आलेल्या, त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला जमेल की नाही कोण जाणे." अध्यक्षांनी मनात आणलं असतं तर ठराव रेटता आला असता, हरकत घेणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांनी रेटला नाही, नोंद केली आणि पुढच्या सभेवर टाकला. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं बरोबर केलं, कारण मतदानाचा नियमच चुकीच्या पद्धतीनं बदलला असता तर त्यावर झालेली प्रत्येक निवडणूक कुणीतरी उकरून काढली असती.

सभेचे हे नियम म्हणजे उगाच कटकट असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेन्री मार्टिन रॉबर्ट यांची गोष्ट सांगते. अमेरिकन सैन्यातले इंजिनियर, १८६३ मध्ये त्यांना न्यू बेडफर्डमध्ये अचानक एका चर्चच्या सभेचं अध्यक्ष केलं, सभा कशी चालवतात याचा गंधही नव्हता, आणि सभेत नुसता गोंधळ झाला. इतकं मनाला लागलं की त्यांनी सभांच्या नियमांचा अभ्यासच सुरू केला आणि १८७६ मध्ये त्यांचं नियमांचं पुस्तक आलं, अजून जगभरातल्या कितीतरी संस्था त्यावर चालतात. मला त्यातली एक पद्धत फार आवडते, एका विषयावर ज्याचं एकदा बोलून झालंय त्यानं दुसऱ्यांदा बोलायच्या आधी, अजून न बोललेल्यांना संधी द्यायची. प्राध्यापकांच्या सभेत हा नियम किती लागतो ते प्राध्यापकांनाच माहीत. सगळ्यांना तासभर न थांबता बोलायची सवय, आणि गप्प बसणारे मग कायमचे गप्पच बसतात.

ऑनलाइन मतदानाचा ठराव शेवटी पुढच्या वर्षी झाला. त्या वेळी ६१ जण हजर होते, कारण प्रत्येक कार्यकारिणी सदस्यानं फोन करून, गाड्यांची सोय करून लोकांना आणलं. त्या मॅडम आल्या होत्या, हे लिहायलाच हवं. त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत मत देणाऱ्यांची संख्या आधीपेक्षा दुपटीहून जास्त झाली आणि त्यातली बरीचशी मतं पोस्टानं आलेली, थरथरत्या अक्षरातली. मी ती पाकिटं फोडायला बसले होते.

आता ज्याच्यासाठी स्टार कापलाय ते. आमच्या विभागातले एक सर, माझे शिक्षकच, संघटना सुरू केली त्यांच्यातले एक. त्यांना विसरण्याचा आजार झाला. वर्गणी भरायची राहिली, संघटनेनं ईमेलवर दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, आणि नियमाप्रमाणे यादीतून नाव काढलं. वार्तापत्र बंद झालं, व्याख्यानांची सूचना बंद, महिन्याचा फोन बंद. त्यांच्या घरच्यांना वाटलं संघटनेला आता सरांची गरज राहिली नाही, त्यांनीही मनाला लावून घेतलं आणि कुणाला काही विचारलं नाही. मला हे कळलं ते ८ महिन्यांनी, मी सहज भेटायला गेले तेव्हा. सर खिडकीपाशी बसले होते, मांडीवर संघटनेचा एक जुना अंक, कव्हर फाटलेलं, आणि त्यांच्या मिसेस मला म्हणाल्या, "रोज तोच वाचतात, नवा येत नाही ना." मला तिथे काही बोलता आलं नाही. ज्यांना आपली सगळ्यात जास्त गरज होती नेमके तेच आपल्या हातून निसटले, आणि निसटले ते कुणाच्या वाईटपणामुळे नाही, एका साध्या नियमामुळे, वर्गणी थकली की नाव कमी.

मी पत्र लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखाच. दुसऱ्यांदा लिहिलं, आणि सभेत उभी राहून बोलले, त्यानंतर नियम बदलला. आता कुणाचंही नाव काढायच्या आधी कार्यकारिणीतल्या एकानं प्रत्यक्ष फोन करायचा, लागला नाही तर घरी जायचं, आणि त्याची नोंद मिनिट्समध्ये यायला हवी. ८० च्या पुढच्यांना वर्गणीच नाही. नियम चांगला झाला, पण माझ्या सरांचे ते ८ महिने गेले ते गेलेच, म्हणून तो एक स्टार मी देऊ शकत नाही.

त्यातूनच फोनसाखळी नीट उभी राहिली. आधी होती पण नावापुरती, आता ३२ कार्यकर्ते आणि प्रत्येकाकडे साधारण १२ नावं. महिन्यातून एक फोन, जास्त काही नाही, कसे आहात, काही अडलंय का, आवाज ऐकायचा. सुरुवातीला लोक संकोचतात, "अहो कशाला त्रास घेता" म्हणतात, तिसऱ्या महिन्यापासून वाट बघतात. माझ्या यादीत एक मॅडम आहेत, भूगोलाच्या, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी सर, म्हणजे त्यांचे मिस्टर, घ्यायचे. एकदा फोन बराच वेळ वाजला आणि मॅडमनी स्वतः उचलला. त्या काही बोलायच्या आत मला कळलं. सर जाऊन ११ दिवस झाले होते आणि पेन्शन ऑफिसचे ४ कागद समोर पडले होते, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आणि संघटनेचं पेन्शनचं काम बघणारे सर त्यांच्याकडे गेलो, दीड तासात कागद पूर्ण केले. सरांनी बरोबर जाडसर स्केचपेन नेलं होतं, प्रत्येक सहीच्या जागी बारीक फुली करून दिली. असली माणसं असतात संघटनेत, त्यांचं नाव कुठल्याच फलकावर नसतं.

पेन्शनचा विषय निघालाच आहे तर, रिटायर्ड शिक्षकांनी एकत्र यायला हवं याचं कारण इतिहासातच आहे. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये १ कोटी डॉलर दिले, कॉलेजच्या शिक्षकांना म्हातारपणी मोफत पेन्शन मिळावी म्हणून. केवढी मोठी रक्कम त्या काळात. पण शिक्षक वाढत गेले, वयं वाढत गेली, आणि थोड्याच वर्षांत लक्षात आलं की पैसे पुरणार नाहीत. शेवटी १९१८ मध्ये टीआयएए नावाची संस्था काढली, ज्यात शिक्षक आणि कॉलेज दोघांनी दरमहा पैसे भरायचे. म्हणजे मनापासून दिलेला शब्दसुद्धा आकडेमोडीत अडकतो. म्हणून पेन्शन आणि मेडिकलचे निर्णय जिथे होतात त्या समितीत रिटायर्ड लोकांचा माणूस हवाच. आमच्या संघटनेला तिथे जागा आहे, पण निरीक्षकाची. बोलता येतं, मत देता येत नाही. गेल्या वर्षी मेडिकल विम्याच्या अटी बदलल्या तेव्हा आमच्या सरांनी समितीत दाखवून दिलं की नव्या कागदात श्रवणयंत्राची ओळ गळली आहे, ती परत आली, पण हे समोरच्यांनी ऐकून घेतलं म्हणून झालं. मताचा हक्क मिळवायला संघटनेनं आता जोर लावायला हवा, या बाबतीत आम्ही फारच सौम्य आहोत असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत १९९४ पासून प्राध्यापकांना ठराविक वयाला सक्तीनं रिटायर करता येत नाही, कायद्यात शिक्षकांपुरती असलेली सूट १९९३ च्या अखेरीस संपली. त्यामुळे तिथे कधी थांबायचं हे माणूस स्वतः ठरवतो आणि त्यासाठी आधी सल्ला लागतो. जिथे तारीख ठरलेली असते तिथे तर तयारीला पुरेपूर वेळ असतो, तरी आपण काहीच करत नाही. आमच्या संघटनेनं ३ वर्षांपूर्वी रिटायर व्हायच्या वर्षभर आधीची कार्यशाळा सुरू केली, एक अख्खा दिवस. कागदपत्रं, ईमेल, ऑफिसातल्या पुस्तकांचं काय करायचं, आणि शेवटच्या तासात नुकतेच रिटायर झालेले तिघं जण पहिले ६ महिने कसे गेले ते सांगतात. तो शेवटचा तास चुकवू नका. एक रसायनशास्त्राचे सर तिथे म्हणाले होते की मी दोन महिने रोज सकाळी तयार होऊन दारापर्यंत जायचो. सगळी खोली गप्प झाली होती.

बाकीच्या उपक्रमांबद्दल. सहली चांगल्या असतात, चालायला कमी असलेल्या वेगळ्या ठेवतात, एवढंच सांगते. वाचनगट आहे, चालण्याचा गट आहे, विद्यार्थी येऊन मोबाइल शिकवतात तो वर्ग आहे, सगळं नीट चालतं. मासिक व्याख्यान खास आहे कारण तिथे एक कडक नियम आहे, माइकशिवाय कुणी बोलायचं नाही. आयुष्यभर मोठ्या वर्गात शिकवलेली माणसं, प्रत्येकाला वाटतं माझा आवाज पोचतो, मला माइक नको. पोचत नाही. मागे बसलेल्या श्रवणयंत्रवाल्यांना काहीही कळत नाही आणि ते हसून मान हलवत बसतात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. आता प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माइक येईपर्यंत वक्ता उत्तरच देत नाही. या एका नियमानं लोक परत यायला लागले.

मला या व्याख्यानांत एक कमी वाटते, ती म्हणजे आपण अजून श्रोतेच आहोत. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला पिएर व्हेलास यांनी युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज सुरू केली तेव्हा ती युनिव्हर्सिटीनं चालवलेली होती, प्राध्यापक शिकवणार आणि वयस्क मंडळी शिकणार. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पीटर लॅस्लेट, मायकल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी ती कल्पना घेतली पण उलटी केली, मेंबरांनीच मेंबरांना शिकवायचं, शिकणारा आणि शिकवणारा असा फरकच नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. आमच्याकडे तर एकेका विषयातली ३०-३५ वर्षं शिकवलेली माणसं बसलीयत! ८-१० जणांचे छोटे गट करून इतिहासवाल्यांनी गणित शिकावं, गणितवाल्यांनी झाडं ओळखायला शिकावं. मी नेच्यांचा गट घ्यायला तयार आहे असं लेखी दिलंय, अजून ठरलेलं नाही.

सगळ्यात मोलाचं काम मला विचाराल तर मौखिक इतिहासाचं. जुन्या शिक्षकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या, विभाग कसा सुरू झाला, पहिलं उपकरण कुठून आणलं, कोणाशी मतभेद झाले, सगळं. दोन जणांची जोडी जाते, एक विचारणारा एक यंत्र बघणारा, आधी लेखी संमती घेतात आणि कुठला भाग इतक्यात उघड करायचा नाही ते बोलणाऱ्यानं ठरवायचं. मग टंकलेखन करून त्यांना वाचायला देतात आणि मगच अर्काइव्हला, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाला, जातं. याच गटाबरोबर आम्ही दिवंगत प्राध्यापकांच्या अभ्यासिका आवरायलाही जातो, घरच्यांनी बोलावलं तर. एकदा एका भूगर्भशास्त्राच्या सरांच्या घरी २२ खोकी होती, छापील पुस्तकांना कुणी हात लावला नाही तरी चालतं कारण ती कुठेतरी मिळतात, आधी शोधायच्या त्या हातानं लिहिलेल्या फील्डच्या वह्या. अकराव्या खोक्यात सापडल्या, ओल लागून पानं चिकटलेली, पेन्सिलीनं काढलेले खडकांचे थर मात्र स्पष्ट, पेन्सिल पाण्यानं फुटत नाही ना. त्या वह्या रद्दीत जाणार होत्या हो. आता अर्काइव्हमध्ये आहेत आणि एक संशोधक मुलगी त्यावर काम करतेय.

एक तक्रार राहिलीच. कंत्राटावर किंवा तासिकेवर १५-२० वर्षं शिकवलेल्यांना आमच्याकडे सहयोगी मेंबर करतात, सगळं मिळतं पण मत नाही. हे मला पटत नाही. वर्गात उभं राहून शिकवताना मुलांनी कधी विचारलं नव्हतं की तुम्ही कायम आहात का. यावर ठराव येतोय, मी अनुमोदक आहे, वाचणाऱ्यांत आमचे मेंबर असतील तर कृपया मत द्या, आता घरबसल्या देता येतं.

तुमच्या युनिव्हर्सिटीत अशी संघटनाच नसेल तर नव्यानं सुरू करता येते, पहिल्यापासून डोकं खपवायची गरज नाही. अमेरिकेत २००२ पासून एरोहे म्हणून अशा संस्थांची एक मोठी संघटना आहे, कॅनडात २००३ पासून क्युरॅक आहे, दुसऱ्यांनी काय केलं ते त्यांच्याकडे बघायला मिळतं. आम्ही मुदतीचे नियम करताना अशीच इतर संघटनांची नियमावली वाचली होती. सुरुवातीला ६-७ माणसं पुरतात, त्यात एक हिशेब बघणारा आणि एक फोन करायला न कंटाळणारा हवा.

आणि मेंबर होणाऱ्यांना एक विनंती. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर खाली एक रकाना आहे, तुम्ही फोन उचलला नाही तर आम्ही कुणाला विचारायचं. दहातले निम्मे लोक तो मोकळा सोडतात, म्हणतात अजून धडधाकट आहे. माझ्या सरांच्या फॉर्मवरही तो मोकळाच होता, मी काढून बघितलाय. मुलीचा, भावाचा, शेजाऱ्यांचा, कुणाचा तरी नंबर लिहा, आणि तो बदलला तर आम्हाला कळवा.